रातपाळी

"माती चांगली आहे, मावशी. काहीच कमी नाही." स्वरूपानं अहवाल टेबलावर ठेवला.

दगडाबाईंनी तो उचललाही नाही. बारामतीच्या या बिझनेस पार्कच्या भिंतीला लागूनच त्यांचं शेवंतीचं रान होतं, आणि स्वरूपाच्या माती तपासणी केंद्रात त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या.

"मातीत न्हाय, पाण्यात न्हाय, मग खोट हाय तरी कशात? दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली. झाडं कमरेला लागली अन् कळी म्हणून न्हाय. पाला काय देवाला घालू?"

"एकाही झाडाला नाही?"

"भिंतीच्या कडंची तेवढी वळ फुललीया. तितं तर धड ऊन बी येत न्हाय. उपाशी पोरगं बाळसं धरतंय अन् खातंपितं नुसतंच उंच होतंय, असलं झालंय."

"चला, गच्चीवरून बघू."

दिवेलागण होत आली होती. वरून सगळं रान दिसत होतं. हिरवंगार, आणि भिंतीलगत तेवढी एक पिवळी पट्टी. दोघी बघत असतानाच कठड्यावरची अक्षरं आपोआप पेटली. जोतीराम माती परीक्षण केंद्र. पांढरा उजेड थेट रानाच्या टोकापर्यंत पसरला. भिंतीच्या सावलीत एक पट्टी तेवढी काळी राहिली. फुललेली होती तीच.

स्वरूपाचा कठड्यावरचा हात तिथंच राहिला. शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. कृषी महाविद्यालयात हे तिनं पेपरात लिहिलं होतं.

दगडाबाई मात्र कौतुकानं अक्षरांकडं बघत होत्या. "तुज्या बापाच्या नावाचा लई आधार हाय बग. रातीचं पाणी द्यायला बॅटरी लागत न्हाय मला."

पार्कचा नियम होता. पाट्यांचे दिवे रात्री दहाला बंद, आणि उजेड भिंतीपलीकडे जाता कामा नये. पण व्यवस्थापक संदेशनं तिला सवलत दिली होती. 'वडिलांचं वर्ष होईपर्यंत राहू द्या, मॅडम. कुणाची तक्रार नाही.' रस्त्यापलीकडच्या तिच्या खोलीच्या खिडकीतून ते नाव दिसायचं. ते दिसत असलं की तिला झोप लागायची.

तक्रार तर अजूनही कुणाची नव्हती. ती गप्प राहिली असती, तर दगडाबाई रोपवाल्याला चार शिव्या घालून घरी गेल्या असत्या.

"मावशी, खोट या दिव्यात आहे," ती म्हणाली. मग बोट दाखवून तिनं सावलीची पट्टी आणि फुलांची पट्टी समजावून सांगितली. "रात्रभर उजेड असला की शेवंतीला रात्र झालेलीच कळत नाही."

दगडाबाईंनी आधी रानाकडं पाहिलं, मग अक्षरांकडं. आता त्या आवाज चढवतील म्हणून स्वरूपा थांबली.

"म्हंजे झोपंचं खोबरं झालंय व्हय बिचाऱ्यांच्या!" दगडाबाई म्हणाल्या. मग स्वरूपाकडं वळून, "अन् सांगितलंस कशाला? मला काय कळणार हुतं?"

स्वरूपाची नजर वडिलांच्या नावावर गेली.

"कुठं हुते गं कामाला तुजे वडील?"

"माळेगावला. साखर कारखान्यात."

"रातपाळी असायची?"

"असायची. हंगाम सुरू झाला की आम्हाला ते दिवसा झोपलेलेच दिसायचे."

"मग आता बी रातपाळीच लावलीस व्हय त्यांला?"

स्वरूपाला हसू फुटलं. ते आवरेना, तसं तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि बराच वेळ तिकडंच ठेवलं. मग फोन काढला.

"संदेश, माझ्या पाटीचा दिवा बंद करायचाय."

"कुणी तक्रार केली का, मॅडम?"

"नाही."

"बरं. मग दहाला करतो."

"आत्ता करा. रोज अंधार पडायच्या आत."

"नियमात दहापर्यंत चालतं, मॅडम."

"शेवंतीला चालत नाही."

थोड्या वेळानं अक्षरं विझली. रान दिसेनासं झालं.

"दिवाळी तर गेलीच," दगडाबाईंचा आवाज आला. "पर मार्गशीर्षातल्या गुरवारांना फुलं येत्याल. पयला हार तुज्या बापाच्या फोटूला. फुकट न्हाय हां, पुढच्या साली माती तू तपासायची."

"तपासीन."

"अन् आता जिना कुठं हाय ते दाव. म्हातारीला पाडतीस का काय?"

स्वरूपानं मोबाइलची बॅटरी लावली. जिन्याची वाट रानाच्या बाजूनं होती. पुढं होऊन तिनं दगडाबाईंचा हात धरला, आणि पायरीपुरता उजेड ठेवून बाकीचा रानावर जाऊ नये म्हणून दिव्याला तळव्याचा आडोसा केला.