पकड वॉरंट

पुंजाची बायको वत्सलाबाई गेली तो हरसूलच्या बाजाराचा दिवस होता. नाशिकच्या दवाखान्यातून केरूचा फोन आला, तेव्हा पुंजा खुरप्याला नवा दांडा बसवून घेत होता. "काका, काकू गेली," एवढंच केरू बोलला. पुंजा कारागिराला म्हणाला, "राहू दे आता," आणि चालत घराकडे निघाला.

मातीला सगळं गाव आलं. एकुलता एक पोरगा, धनराज, तेवढा नव्हता. मडकं पुतण्यानं, केरूनंच धरलं.

"वॉरंटाला घाबरला असंल," बाया आपसांत बोलल्या. "पोलीस काय, मसणातनं बी उचलतील."

धनराज नाशिकला पिकअप चालवायचा. मार्केटात कोणाची गाडी आधी लागायची यावरून मारामारी झाली आणि त्याच्यावर केस पडली. मागच्या तारखांना तो कोर्टात उभाच राहिला नव्हता. बापानंच त्याला कुठंतरी लपवलंय, असं गावात सगळे धरून चालले होते.

दहावं उरकलं तसा पुंजा केरूला म्हणाला, "नाशिकला चल. धनराजचं पकड वॉरंट निघालंय का बघायचंय."

केरूला ते पटलं. नसलं तर धनराज उजळ माथ्यानं घरी येईल, आणि असलं तर वकील गाठून रद्द करून घेता येईल.

ठाण्यात हवालदार मोबाईलच्या चार्जरशी झटापट करत होता.

"धनराज पुंजा भोये," पुंजा म्हणाला. "त्याचं वॉरंट निघालंय का?"

"तुम्ही कोण त्याचे?"

"बाप."

हवालदारानं चार्जर सोडला. "वा! म्हणजे आम्ही सांगायचं निघालंय, आणि तुम्ही बाहेर जाऊन पोराला फोन करायचा, पळ बाबा. खुळे वाटलो का आम्ही?"

"नाय साहेब. निघालंय का तेवढं सांगा."

"वॉरंटचं बघणारे बंदोबस्ताला गेलेत. कोर्टात विचारा. निघतं तिथूनच."

कोर्टाच्या खिडकीवर केस नंबर मागितला. नंबर धनराजच्या वकिलाकडे. वकील म्हणाला, मोबाईलवर सगळं दिसतं, एवढ्यासाठी माझ्याकडे कशाला आलात? केरूनं कोर्टाच्या आवारात बसून मोबाईल उघडला. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून भरायची होती. केरूनं भरली की मोबाईल म्हणायचा चूक, की पुन्हा नवी अक्षरं. शेवटी एकदाची केस उघडली, तर नुसती तारीख दिसत होती. वॉरंटचं अक्षरही नाही.

पुन्हा खिडकी. "मोबाईलवरचं मला काय सांगता? बजावणी पोलीस करतात. ठाण्यात विचारा."

पुन्हा ठाणं. "सांगितलं ना बाबा, बंदोबस्त! माणूस काय खिशात घालून ठेवलाय मी?"

बाहेर आल्यावर केरूनं कपाळावर हात मारला. "हा म्हणतो तिकडं जा, तो म्हणतो इकडं जा. चेंडू केलाय आपला! काका, मला तरी सांगा, धनादादाला ठेवलाय कुठं? मी काय पोलिसांत जाणार हाय?"

"तू च्या घे," पुंजा म्हणाला.

असे हेलपाटे सुरूच राहिले. केरू कामाचा खाडा करून यायचा आणि एस.टी.त बसल्यापासून कुरकुरायचा. पुंजाच्या चपलेचा अंगठा तुटला, त्यानं तो तारेनं बांधला. खिडकीवरची माणसं त्याला लांबूनच ओळखू लागली. काही जण जेवायला उठू लागले.

एक दिवस कोर्टाच्या खिडकीवर सरिताबाई नावाच्या कारकून होत्या. "परत आलात बाबा?" त्या कंटाळून म्हणाल्या. "थांबा इथंच. एकदाचं बघूनच येते, म्हणजे तुम्ही सुटाल आणि मीही."

पुंजानं खिडकीचे गज धरले. त्या आत गेल्या त्या बऱ्याच वेळानं परत आल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

"नशीबवान आहात. वॉरंट निघायचंच होतं. पण फिर्यादीनं तडजोड केली, केसच मिटली. आता वॉरंट नाही नि तारीख नाही. खुशाल बोलवा पोराला घरी."

"सुटला धनादादा!" केरू ओरडला. "काका, पेढे आणू का?"

पुंजानं गज सोडले नाहीत. "बाई, नीट बघा ना. एखादं आधीचं असंल."

"अहो, नाही म्हणतेय ना! लोक यासाठी नवस बोलतात, आणि तुम्ही रडताय काय?"

"मंग त्याला शोधणार कोण?" पुंजा म्हणाला. "भाताची आवणी झाल्यापासनं फोन बंद हाय त्याचा. कुठं हाय, जिता हाय का, मला कायबी ठावं नाय. हरवल्याचं सांगायला ठाण्यात गेलो, तर म्हणले, घोडा झालाय, फिरून येईल आपला आपण. पकड वॉरंट असलं की पार गुजरातेतनं बी धरून आणतात ना?" त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "बाई, बापाला पोरावर केस घालायची असंल तर कुठल्या खिडकीवर जायचं?"

 केरूनं पेढ्यांसाठी काढलेले पैसे परत खिशात घातले. आई गेल्याचं धनराजला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.