रविवारच्या नाचासाठी पिक

"हे नको, वाकतंय." पिस्तोने गिटारच्या तारा छेडायचं पिक टेबलावर टाकलं.

बीलोने ते डब्यात परत ठेवलं आणि दुसरं पुढे केलं. हे शिंगाचं होतं, चांगलं जाड. पिस्तोने ते तारांवरून दोनदा ओढलं. चेहऱ्यावर काही नाही.

"कसं वाटतं?"

"काही वाटत नाही, दादा. बोटांत काय धरलंय तेच कळत नाही."

"लाकूड झालायस लेका. अरे, लाकडालासुद्धा आवाज असतो."

पिस्तो हसला नाही.

फ्रान्सच्या आल्सासमधल्या त्या तळावरच्या सगळ्या मानूश जिप्सी वादकांना बीलोच पिकं घासून द्यायचा. तुटके कंगवे, शिंगं, कोटाची बटणं, काहीही चालायचं. फक्त ते वाकता कामा नये. रविवारी त्याच्या मुलीचं लग्न होतं. पिस्तोकाका वाजवणार नसेल तर मी नाचायला उभीच राहणार नाही, असं तिने बापाला बजावलं होतं. आणि पिस्तोने वर्षभर गिटारला हात लावला नव्हता.

मागच्या थंडीच्या तोंडाला तो दक्षिणेकडून एकटाच परतला, बायको बरोबर नव्हती. माळावर आपली राहती व्हॅन उभी केली आणि आतल्या कपड्यालत्त्यांसकट पेटवून दिली. मानूश लोक मेलेल्या माणसाचं सामान असंच जाळतात आणि त्याचं नाव पुन्हा तोंडातून काढत नाहीत. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. बीलोने मुलीचं लग्न पुढे ढकललं. पिस्तोच्या बायकोला सशाचं मटण आवडायचं, म्हणून तेही खायचं सोडलं.

आता बीलोने डब्यातून एक मोठं काळं बटण निवडलं. कानशीने त्याची एक कड उतरवली, पँटवर घासून गुळगुळीत केली.

"हे धर. तिरकं लाव, आणि मनगट सैल सोड. मारामारी करायची नाहीये."

पिस्तोने तार छेडली. सूर मोकळा निघाला. त्याने परत छेडली, मग बोटं आपोआप चालायला लागली. बीलो कानस खाली ठेवून ऐकत राहिला. वाजवेल, रविवारी नक्की वाजवेल.

आणि मग त्याने सूर ओळखले. हे वॉल्ट्झच्या नाचाचं गाणं पिस्तोने बायकोसाठी बांधलेलं होतं. ती गेल्यापासून तळावर कुणी ते गुणगुणलंसुद्धा नव्हतं.

बीलोने तारांवर पंजा दाबला.

"डोकं फिरलं का तुझं? मेलेल्या माणसाचं वाजवतोस? झोपू दे तिला."

पिस्तोने पिक खाली ठेवलं. त्याचा आवाज चढला नाही, की उतरला नाही.

"मेलीय कुठे ती? रोझेट स्त्रासबुर्गला असते, दादा, एका बेकरीवाल्याबरोबर. मी रागाने व्हॅन पेटवली, तर तुम्ही सगळे टोप्या काढून शोकाला उभे राहिलात. मग मी काय बोलणार? रविवारी लग्नाला येऊ का, विचारत होती."