मास्तरची फी

"पैसे नकोत," मास्तर म्हणले. "एक नाव द्या."

पिंगळीच्या टेसनावर, भर दुपारी, कुसुमबाई पोरीला घेऊन बाकड्यासमोर उभी होती. पोरगी राजनंदिनी, धाव्वीला. सहामाहीला गणितात चाळीसपैकी चार. परभणीच्या क्लासवाल्यानं तीस हजार सांगितलेले. अन् हे मास्तर एका गाडीनं यायचे, दुसरीनं जायचे, मधल्या वेळात बाकड्यावर बसून शिकवायचे. कोणत्या डब्यातनं उतरले ते कुणी कधी पाह्यलं न्हाई. वारं सुटलं का बायांचे पदर उडायचे, मास्तरच्या धोतराचं टोकसुद्धा हलत नव्हतं. पण आत्ताच त्यांनी खडूनं फरशीवर एक गणित मांडलं होतं, अन् वहीकडं बघून वर्षभर रडणाऱ्या राजीनं ते चुटकीसरशी सोडवलं होतं. आईला आणखी काय लागतंय?

"नाव म्हंजी?"

"माझं हरवलंय. जिंदगीभर हजेरी घेतली. साऱ्या पोरायची नावं पुकारली, मपलं तेवढं राहून गेलं." मास्तर हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता. "तुमच्या घरातलं एक द्या. जितंजागतं. एकदा दिलं का ते माझं. मग परत मागायचं न्हाई."

राजीनं आईचा पदर ओढला. "आई, चल घरी. मला भ्या वाटायलंय."

"गप गं! तीस हजार काय तुझा मामा आणून देतोय?"

कुसुमबाई इचार करायली. पोरीचं तर द्यायचंच न्हाई, बोर्डाच्या कागदावर मग काय लिहायचं? सोताचं द्यावं तर रेशनला, बँकेला, आधारला तेच लागतंय. सासूचं दिलं तर म्हातारी सारा गाव गोळा करंल. अन् मग तिला मालकाचं आठवलं, तसं तिला हसूच फुटलं. अठरा वर्षं झाली लग्नाला, बाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातनं काढलं नव्हतं. "आवो" म्हणायचं, "राजीचे पप्पा" म्हणायचं, लयच नड पडली तर नुसतं खोकायचं. उखाण्यात घेतलं असंल तेवढंच. जे कधी वापरलंच न्हाई, ते गेलं तर आपलं काय जातंय?

"देते," ती म्हणली.

"कानात सांगा."

ती वाकली. मास्तरच्या कानातनं रांजणावाणी गार हवा येत होती. उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणल्यावर बाईला नव्या नवरीसारखी लाज वाटली. तरी सांगितलं. मास्तरनं डोळे मिटून आवंढा गिळला, लय दिसांच्या उपाशी माणसानं पहिला घास गिळावा तसा. अन् धोतराचं टोक वाऱ्यानं हललं.

राजी शिकली. शिकली म्हंजी कशी! रस्त्यानं चालता चालता टेम्पोच्या नंबरांची वर्गमुळं काढायली. बोर्डाला गणितात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव. शाळेच्या फळ्यावर नाव लागलं.

घरात मात्र येगळंच चाललं होतं. मालकाची पिठाची गिरणी. गिऱ्हाइकं डबे घेऊन दारात यायची, हाक मारायला तोंड उघडायची, अन् कशाला आलतो तेच इसरल्यागत माघारी जायची. सख्खी माय "आरं... आरं..." करून थांबायची. फोन लावला का समोरच्याच्या मोबाइलवर नुसता नंबर दिसायचा. कुणी हाकच मारीना म्हणल्यावर माणूस मान कशाला वर करंल? मालक बसल्या जागी ताकागत पातळ होत गेले. अन् निकालाचे पेढे वाटले त्याच दिशी, वाढलेलं ताट तसंच ठिवून, ते टेसनाकडं निघाले.

राजी वरडत आली, "आई, पप्पा चालले!"

कुसुमबाई अनवाणीच पळाली.

गाडी हलायली होती. मालक डब्याच्या दारात दांडी धरून उभे. गावाकडंच बघायलेले, पण ह्यो आपलाच गाव हाय हे मालूम नसल्यागत. त्यांना उतरवायला एक हाक पुरली असती. आज लाज नव्हती, उखाणा नव्हता, साऱ्या गावासमोर घ्यायची तयारी होती. कुसुमबाईनं तोंड उघडलं. जीभ टाळूपर्यंत गेली, अन् तिथं काहीच नव्हतं. दात पडल्यावर राहते तशी नुसती जागा.

"आवो!" ती वरडली. "आवो, उतरा!"

टेसनावरल्या साऱ्या नवऱ्यायनं वळून पाह्यलं. दारातले तेवढे वळले न्हाईत.

गाडी दिसंनाशी झाली. बाकड्यावरचे मास्तर उठले, धोतर झटकलं अन् गावच्या वाटेला लागले. चहाच्या टपरीवाल्या नागनाथनं लांबूनच हात केला.

"रामराम, दत्तराव! गिरणी बंद ठिवली व्हय आज?"

"आता उघडतोच की." ते थांबले. मागं उभ्या कुसुमबाईकडं वळून म्हणले, "चल. लय दळण पडलंय."