बंद ओव्हनचा पंखा

दुरुस्तीला आलेल्या दौलतसिंहने ओव्हन भिंतीतल्या खणातून अर्धा बाहेर ओढला, मागचं पत्र्याचं झाकण काढलं आणि पंख्याची पाती बोटाने फिरवली. ती कुठेच अडखळली नाहीत.

“पंखे में कुछ नहीं है, भाभीजी. तार ठीक, मोटर ठीक. थर्मोस्टॅट तो पिछली बार नया डाला था.”

“फिर अपने आप क्यों चलता है?” पद्माच्या खांद्यावर तीन महिन्यांची लीला झोपली होती. “बटन बंद, बत्ती बंद, और पंखा चालू. रोज दोपहर को. सोकर उठती हूँ तो घूं-घूं.”

दौलतसिंहने आतल्या जाळीवर तळहात टेकवला. “हाथ लगाइए.”

जाळी कोमट होती.

“ओव्हन बंद कर दो, तब भी पंखा चलता है. जब तक अंदर ठंडा न हो जाए. उसका काम ही ये है.” त्याने स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत टाकला. “पंखा सही है. ओव्हन किसी ने चलाया था. अभी थोड़ी देर पहले.”

“मैंने तो पिछले महीने केक बनाया, उसके बाद छुआ भी नहीं.”

पद्माचा नवरा जयसिंह सकाळीच मालनपूरला कारखान्यात जायचा, तो अंधार पडल्यावर घरी यायचा. मग उरलं कोण?

पद्माने दाराकडे पाहिलं. तिच्या सासूबाई, शांताताई, चौकट धरून उभ्या होत्या.

“आई, ओव्हन तुम्ही लावला होता?”

शांताताईंनी आधी नातीकडे पाहिलं, मग सुनेकडे. “असेल गं. लावला असेन.”

“कशाला?”

“दुपटी गरम करायला. ऊन कुठं पडतंय सध्या?”

खिडकीबाहेर धुकं होतं, दुपार असूनही. लीला झाली तेव्हा शांताताईंना बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची होती. फ्लॅटमध्ये निखारे नकोत म्हणून पद्मानेच मोडता घातला होता. आता त्या ओव्हनलाच शेगडी समजत होत्या, दुसरं काय.

मागे एकदा आत लोकरी टोपडं सापडलं होतं. कडेने करपलेलं. ते हातात धरून पद्मा खालीच बसली होती. आज टोपडं. उद्या त्या टोपड्यात कोण असेल, हा विचार तिने तिथल्या तिथे दाबला होता. पण रोज दुपारी डोळा लागता लागता तो वर यायचा, आणि तिचा हात झोपेतही लीलाला चाचपत राहायचा.

“इसको ताला नहीं होता क्या रे?” शांताताईंनी विचारलं.

“होता है, माताजी. छोटे बच्चों के लिए. दो बटन साथ में दबाके रखने के.” त्याने पद्माला जवळ बोलावलं. “देखिए भाभीजी.”

“तिला नको, मला शिकव.” शांताताई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “मुझे सिखा.”

दौलतसिंह हसला. पद्माने त्याला डोळ्यांनीच नको म्हटलं. “आप मुझे ही बताइए.”

शांताताई आत गेल्या.

रविवारी जयसिंहची मोठी बहीण, सुधाताई, झाशीहून आईला न्यायला आली. “चल माझ्याकडे. माझ्या घरी ओव्हन नाही, आणि गॅसचं लायटर मलाच सापडत नाही, तुला कुठलं सापडायला,” ती म्हणाली. सगळे हसले. शांताताईही हसल्या.

बॅग भरताना त्या पद्माला जवळ बसवून सांगू लागल्या, “जुन्या घरी, खासगी बाजारात, आमच्या शेजारी शालिनी होती. बाळंतपणानंतर विसरायला लागली बिचारी. झोपेत चालायची. झोप पुरी नाही, दुसरं काय? लोकांनी वेडी ठरवली. सासरच्यांनी पोर ठेवून घेतलं आणि हिला माहेरी धाडली. पुढे चांगली बरी झाली गं. पण पोर ओळखेना तिला.”

“तुमची औषधाची डबी घेतलीत का?” पद्माने विचारलं. तिला वाटलं, सासूबाई आता बोलता बोलता अशाच कुठल्या कुठे जायच्या.

शांताताईंनी डबी दाखवली. “दुपारच्याला शेजारच्या इंदुताईंना बोलावत जा. एकटी नको झोपूस.”

“बोलावीन.”

गाडीत बसताना त्यांनी लीलाचा पाय ओठांना लावला. पद्माला वाईट वाटलं. पण छातीवरचा दगडही हलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने इंदुताईंना बोलावलं नाही. दाराला आतून कडी घातली. ओव्हनची दोन्ही बटणं दाबून धरली, कुलपाची लाल खूण उमटली. मग ती लीलाला कुशीत घेऊन आडवी झाली, आणि कित्येक दिवसांत प्रथमच तिला न घाबरता झोप लागली.

जाग आली ती घूं-घूं आवाजाने.

“आई, अहो, पुन्हा लावलात का?” तिने हाक मारली. मग आठवलं.

लीला शेजारीच होती. पद्माने तिला उचलून छातीशी धरलं, तिचा श्वास ऐकला आणि बाहेरच्या खोलीत आली. कडी आतून लागलेली होती. तिने दोनदा ओढून पाहिली.

स्वयंपाकघरात आज ओव्हनचा दिवाही जळत होता. लाल खूण विझली होती. काचेआड लीलाची दुपटी होती, आणि त्यांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या होत्या.

ओट्यावरचा फोन वाजला. झाशीहून शांताताई होत्या. आवाज अगदी हलका, पलीकडे कुणाला ऐकू जाऊ नये असा.

“उठलीस का गं? आधी ओव्हन बंद कर, रोज मी करत होते. जयसिंहला मी अजून काही सांगितलेलं नाही.”