ईश्वरीचा नमुना

उज्ज्वलाच्या आजारी वासराचं शेण बाटलीत भरत संशोधक डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणाला जुलाब होतायत?"

"न्हाई," उज्ज्वला घाईनं म्हणाली. आत तिची तीन वर्षांची ईश्वरी दोन दिवस जुलाबानंच मलूल पडली होती. पण बाई जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यात शिरून जुलाब करणारा कोरोना विषाणू शोधत होत्या. त्या नावानंच गाव वाळीत टाकील, डेअरी दूध नाकारील.

बाईंची जीप सुरू झाली, तेवढ्यात पाजलेलं पाणीही ईश्वरीनं ओकून टाकलं. उज्ज्वला अनवाणीच धावली. "बाई, खोटं बोलले मी!"

पोरीची कोरडी जीभ पाहून बाई म्हणाल्या, "नमुन्याचं नंतर पाहू. आधी दवाखान्यात चला."

सलाईन लागल्यावर संध्याकाळी ईश्वरीनं भात मागितला. उज्ज्वला बाईंना म्हणाली, "हिचाबी नमुना घ्या. वासराचं नि हिचं दुखणं एकच निघालं, तर गावाला मीच सांगीन."