नमुन्याचा नंबर

"परवापासून सारखे मेसेज येतायत. 'मदत हवी, ताबडतोब या' आणि खाली लिंक. आपण नाही हो फसत! सगळे उडवले," दादा चहा पिता पिता म्हणाले.

"बरं केलंत," मधुवंती वडिलांना म्हणाली.

तासाभराने ती बंदरावर गेली, तर बाळाजीची बोट दोन दिवसांपासून बेपत्ता. त्याची बायको नूतन रडत होती. बोटीवरच्या ॲपचं मॅन्युअल मधुवंतीनेच लिहिलं होतं. तिने धीर दिला, "अगं, संकटाचं बटण दाबलं की घरच्या फोनवर बोटीचं ठिकाण येतं."

"माझ्या फोनवर काय न्हाय आलं, ताई."

"ॲपमध्ये नंबर कोणता भरलास?"

नूतनने पिशवीतून मॅन्युअल काढलं आणि नवव्या पानावरचे तिरपे आकडे दाखवले. "ह्यो छापलाय तोच. एक आकडा चुकवला न्हाय."

तिरप्या अक्षरांत असेल तो फक्त नमुना, तिथे आपली माहिती भरावी, हे मधुवंतीने तिसऱ्या पानावर ठळक छापून घेतलं होतं. आणि परक्या कुणाला उगाच त्रास नको, म्हणून नमुन्याला तिने दादांचा नंबर घातला होता.