बाकावरची निवड समिती

सलूनच्या बाकावर भावोजी आणि मेव्हण्याची जुंपली होती.

“आपल्या क्लबला नवा गोलकीपर हवा,” भावोजी म्हणाले.

“आहे तो सोनं आहे. पुन्हा बोललात तर दात घशात घालीन, भावोजी!”

भावोजी पुन्हा बोलले. मेव्हण्याने दोन दात घातलेही. भावोजींनी रक्त थुंकून लोखंडी स्टूल उगारलं. न्हावी मघापासून डोळ्यांनी खुर्चीकडे खुणावत होता, पण बघतो कोण! शेवटी खुर्चीतलं, तोंडभर फेस लावलेलं गिऱ्हाईकच सोडवायला मध्ये पडलं. स्टूल त्याच्या मनगटावर बसलं आणि हाड काडकन मोडलं.

न्हाव्याने फेस पुसला. क्लबचा गोलकीपर होता.

मेव्हणा त्या लोंबत्या हाताकडे बघत राहिला.

 

“भावोजी, पटलं तुमचं. नवा घ्यायलाच हवा.”